बंदी, भरती, बरखास्ती, पुन्हा भरती : महार पलटणीचे प्रकरण

ब्रिटिश सरकारने पन्नास वर्षांत एकाच समाजाला दोनदा सैन्याबाहेर काढले आणि दोनदा आत बोलावले. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. १९१७ मध्ये '१११ वी महार' पलटण उभी राहिली आणि १९२१ पर्यंत मोडलीही. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. ती रेजिमेंट आजही भारतीय सैन्यात आहे.

युद्ध आले की राज्यसंस्था वसाहतीतल्या आणि तळच्या समाजांशी वेगळी वागू लागते, हे अनेक देशांत दिसते. हे एकच प्रकरण मी निवडले, कारण यात सरकार तेच आहे, समाज तोच आहे, मागणीही तीच आहे. वेगळी आहेत ती दोन युद्धे आणि त्यांचे दोन शेवट. पहिल्या महायुद्धात जे मिळाले ते चार वर्षांत हातचे गेले, दुसऱ्यात मिळालेले टिकले. असे का झाले? माझे मत आधीच सांगतो. युद्धाच्या गरजेने भरतीचे दार उघडते. पण ते उघडे राहील की नाही हे लढाई संपल्यावर, फौज कमी करताना, त्या समाजाच्या बाजूने बोलणारे कोणी निर्णयाच्या जागी आहे का यावर ठरते. रणांगणावरच्या कामगिरीचा त्याच्याशी संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार कमी आहे.

बंदीने काय गेले

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई अठराव्या शतकापासून होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर कंपनीने भीमा नदीकाठी जो स्तंभ उभारला, त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची ४९ नावे आहेत आणि त्यांतले २२ महार आहेत. शेवटी 'नाक' हा तेव्हाच्या महार नावांतला प्रत्यय लागलेली ही नावे दगडात कोरलेली आहेत. त्या काळी गावच्या दप्तरात ही माणसे वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरेने बांधलेल्या गावकीच्या, कामापुरती येत. इथे ती शिपाई म्हणून नोंदली गेली.

फौजेची नोकरी म्हणजे फक्त पगार नव्हता. कंपनीच्या पलटणींत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा चालत. ज्या काळात गावच्या शाळेत अस्पृश्यांच्या मुलाला ओट्यावरही बसू देत नसत, त्या काळात छावणीत लिहिणे-वाचणे शिकता येई. निवृत्तीनंतर पेन्शन मिळे. पेन्शन घेतलेल्या महार सैनिकांची दापोलीसारख्या ठिकाणी वस्तीच झाली होती. रामजी सकपाळ सुभेदार-मेजर झाले आणि अनेक वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांचे चौदावे अपत्य १८९१ मध्ये महूच्या छावणीत जन्मले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाची सुरुवात कुठून झाली हे पाहायचे, तर आधी त्या लष्करी शाळेकडे पाहावे लागते.

याच सुमारास भरती बंद झाली. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स भारतातल्या सैन्याचे सरसेनापती होते. काही जाती-जमाती जन्मतः 'लढवय्या', बाकीच्या नाहीत, हा सिद्धांत त्यांनी धोरण म्हणून राबवला. पंजाब, सरहद्द आणि नेपाळ यांकडे भरतीचा ओढा वळला. मद्रास आणि मुंबईकडच्या शिपायांना दुय्यम ठरवले गेले. त्याच काळात पलटणी जातवार बांधण्याची पद्धत आली. वरच्या जातीचे शिपाई महार सुभेदाराच्या हुकमाखाली राहायला कुरकुरत होते, आणि नव्या पद्धतीत ती कुरकुर सरकारच्या सोयीची ठरली. शंभराहून अधिक वर्षे लढलेले लोक एका फेररचनेत 'लढवय्ये नसलेले' झाले. या सिद्धांताला शास्त्राचा मुलामा होता, पण मुळात तो सरहद्दीवर रशियाची धास्ती असलेल्या साम्राज्याचा हिशेब होता. तो हिशेब बदलला की सिद्धांतही बदलणार, हे तेव्हाच्या अर्जदारांना सरकारपेक्षा लवकर कळले होते, असे मला त्यांचे अर्ज वाचून वाटते.

त्यातला पहिला मोठा अर्ज गोपाळबाबा वलंगकरांचा. महाडजवळच्या रावढूळचे वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. दापोलीत त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापली आणि १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. त्यातला युक्तिवाद आज वाचताना जीव तुटतो. आपण मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात जे मिळेल ते खाऊन जगलो म्हणून खाली ढकलले गेलो, असे त्यात सांगावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत नोकरी केलेल्या माणसाला आपण लढू शकतो हे सिद्ध करण्यासाठी वंशावळ मांडावी लागत होती, कारण समोरच्या सरकारने वंशच निकष म्हणून लावला होता.

पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. त्यांनी १९१० मध्ये जेजुरीत परिषद भरवली आणि थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. मागणी किती साधी होती पाहा: सरकारी नोकरीच्या अगदी खालच्या जागा, पोलिसांत शिपाई, सैन्यात शिपाई. अधिकारी करा असे कोणी म्हणत नव्हते. तरीही काही हलले नाही. अर्ज होता, त्यामागे लोक होते, पूर्वीच्या नोकरीचा दाखला होता. फक्त सरकारला त्या माणसांची गरज नव्हती.

फौजेने दिलेल्या प्रतिष्ठेची गावातली किंमत किती, हेही इथेच सांगायला हवे. १९०१ सालचा प्रसंग आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवला आहे. रामजी तेव्हा सातारा जिल्ह्यात कोरेगावला खजिनदाराची नोकरी करत होते. (हे कोरेगाव वेगळे, भीमेकाठचे नव्हे.) त्यांच्याकडे निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते. स्टेशनमास्तरने आधी मायेने चौकशी केली. 'महार' हा शब्द कानी पडताच तो मागे सरला. मुलांना न्यायला एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर राजी झाला, तेही मुलांनी बैल स्वतः हाकायचे आणि त्याने बाजूने चालायचे या अटीवर. निवृत्त सुभेदार-मेजरच्या मुलांची ही गत होती. लष्कराने छावणीत जे दिले, त्याची हद्द छावणीच्या फाटकापाशी संपत होती.

१९१७ : गरज लागली

पहिल्या महायुद्धात भारतातून तेरा-चौदा लाख माणसे भरती झाली. लढाऊ शिपायांतला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या पंजाबचा होता. १९१६ संपेपर्यंत या ठराविक जातींच्या विहिरीला तळ दिसू लागला. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, पॅलेस्टाइन असे सगळीकडून माणसांचे मागणे येत होते. मग सरकारने डझनावारी नव्या जाती भरतीसाठी 'वापरून पाहायला' सुरुवात केली. १९१७ मध्ये मुंबई सरकारने महारांची भरती पुन्हा सुरू केली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली.

रॉबर्ट्सचा सिद्धांत चुकला, असे कोणी जाहीर केले नाही. तो फक्त बाजूला ठेवला गेला, आणि गरज सरल्यावर पुन्हा हातात घेता यावा अशा बेताने. ज्या सरकारने 'आम्ही चुकलो' म्हटलेले नसते, त्याने दिलेली सवलत तत्त्वाच्या पायावर उभी नसते. १९१७ ची भरती अशीच होती. युद्ध थांबताच खर्चकपात सुरू झाली. १९२० नंतर फौजेची फेररचना झाली, पलटणी एकत्र केल्या गेल्या, कमी केल्या गेल्या. जुन्या 'लढवय्या' जातींच्या पलटणी राखल्या गेल्या आणि १११ वी महार मोडली.

त्यासाठी वेगळा आदेश काढून कोणाला दुखवायची गरजही पडली नाही. यादीतली शेवटून आलेली पलटण आधी गेली, एवढेच. नोकरशाहीत अन्याय बहुतेक वेळा असाच होतो, आणि म्हणून त्याच्याशी लढणे अवघड जाते. १९२१ मध्ये तो निर्णय अडवील अशा जागी महारांच्या बाजूचे कोणीही नव्हते. १९१९ च्या सुधारणांनी मुंबई कायदेमंडळात अस्पृश्यांना मिळाली ती सरकारने नेमलेल्या सदस्याची एक जागा, आणि सैन्य हा विषय तर प्रांताच्या हातात नव्हताच. आंबेडकर तेव्हा लंडनमध्ये शिकत होते.

मधली वीस वर्षे

दोन युद्धांच्या निकालातला फरक मला इथे सापडतो, म्हणून इथे जरा थांबतो.

१ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकर भीमा-कोरेगावच्या स्तंभापाशी सभेला गेले. महारांनी इंग्रजांसाठी रक्त सांडले आणि त्याच इंग्रजांनी त्यांना सैन्याचे दार बंद केले, ही तक्रार तिथे उघड मांडली गेली. तोवर जे अर्जात होते ते आता सभेत आले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या भागात पेन्शनर सैनिक बरेच होते, परिषदेलाही आले होते. सभेनंतर सवर्णांच्या जमावाने हल्ला केला तेव्हा ही माणसे उलट वार करायला सज्ज होती, आणि आंबेडकरांनी त्यांना आवरले. समता सैनिक दल या आंबेडकरांच्या चळवळीतल्या स्वयंसेवक दलाला कवायत शिकवली तीही फौज पाहिलेल्या माणसांनी. सरकारने जी शिस्त आपल्या कामासाठी शिकवली होती ती आता समाजाच्या कामी येत होती.

मग २० नोव्हेंबर १९३० रोजी लंडनच्या गोलमेज परिषदेत आंबेडकरांनी सरकारलाच एकामागून एक प्रश्न केले. इंग्रज येण्यापूर्वी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आता येते का? देवळात जाता येत नव्हते, आता येते का? पोलिसांत घेत नव्हते, आता घेतात का? सैन्यात घेत नव्हते, ते दार आता उघडे आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' देता येत नाही, असे त्यांनी तिथेच सांगितले. जगापुढे स्वतःला अस्पृश्यांचे रक्षणकर्ते म्हणवणाऱ्या सरकारला या प्रश्नांपुढे बगल देता येत नव्हती.

१९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, १९३७ च्या निवडणुकीतून तो मुंबई कायदेमंडळात गेला. म्हणजे दुसरे युद्ध सुरू झाले तेव्हा अर्जदाराच्या जागी एक पक्ष आणि निवडून आलेला नेता होता.

१९४१ : पुन्हा गरज, पण या वेळी सौदा

सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने कोणालाही न विचारता भारत युद्धात ओढला. काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. सरकारला माणसे हवी होती, आणि देशातून कोणीतरी पाठिंबा देत आहे हे दाखवायचेही होते. युद्धाच्या सुरुवातीला दोन लाखांच्या आसपास असलेली फौज १९४५ पर्यंत २५ लाखांवर गेली. अशा वाढीत 'लढवय्या जाती'चा सिद्धांत तग धरणे शक्यच नव्हते.

जुलै १९४१ मध्ये आंबेडकरांना व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीवर घेतले गेले. त्यांनी ती जागा महारांच्या वेगळ्या रेजिमेंटसाठी वापरली आणि त्याच वेळी तरुणांना भरती व्हा म्हणून सांगितले. एक गोष्ट त्याच महिन्यांतली आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. एकीकडे सरकार महारांना बंदूक घ्यायला बोलावत होते, दुसरीकडे मुंबई सरकारने महार वतनाच्या जमिनींवर वाढीव आकारणी लादली होती. ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला त्याविरुद्ध परिषद भरली आणि आंबेडकरांनी तिथे सरकारला सुनावले. भरतीला पाठिंबा दिला म्हणून बाकीच्या तक्रारी त्यांनी गुंडाळून ठेवल्या नाहीत. ज्या समाजाचे सहकार्य सरकारला हवे असते, त्याच्या हाती तोवर थोडी ताकद असते. ती त्याच वेळी वापरावी लागते, हे या माणसाला पक्के कळले होते.

ऑक्टोबरमध्ये पहिली बटालियन बेळगावात उभी राहिली, दुसरी कामठीला. १९४२ मध्ये आणखी दोन आल्या, त्यांतल्या एकीला पंचविसावी हा क्रमांक मिळाला. रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला, खाली 'महार'. १८९३ मध्ये ज्या इतिहासाला सरकारने किंमत दिली नाही, तोच इतिहास आता सरकारने स्वतःच्या पितळी बिल्ल्यावर उमटवला.

जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयला दिले. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांहून थोडा जास्त, म्हणजे एक-द्वादशांश वाटा राखला गेला. परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्याही मिळाल्या. रेजिमेंटइतकेच हेही युद्धकाळाचे फळ आहे. शांततेच्या काळात यातले किती मिळाले असते, याचा अंदाज १९१० च्या अर्जाचे काय झाले त्यावरून बांधता येतो.

शौर्य हा निकष होता का?

आपल्याकडे या विषयावर बोलताना सगळा भर पराक्रमावर असतो. पराक्रम होताच, पण रेजिमेंट टिकली ती त्यामुळे, असे मानले तर एक उदाहरण आडवे येते.

१९४३ मध्ये चमार रेजिमेंट उभी राहिली. तिची पहिली बटालियन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढली. १९४६ मध्ये ती रेजिमेंट मोडली. महार रेजिमेंटच्या बटालियन्सचा मोठा भाग मात्र वायव्य सरहद्दीवर आणि देशांतर्गत बंदोबस्तात होता. दुसऱ्या बटालियनचा ब्रह्मदेशातल्या लढाईशी संबंध आला, पण तिथे तिची जीवितहानी अगदी थोडी होती. शौर्य आणि रक्त हाच निकष असता तर निकाल उलटा लागायला हवा होता. पंजाबातल्या मजहबी, म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या, शिखांचीही हीच गोष्ट. पहिल्या महायुद्धात त्यांच्या पायोनियर (रस्ते, खंदक बांधणाऱ्या आणि लढणाऱ्याही) पलटणी नावाजल्या गेल्या, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मोडल्या गेल्या, आणि १९४१ मध्ये गरज पडताच मजहबी-रामदासिया रेजिमेंट म्हणून त्यांना परत बोलावले गेले. तीच आजची शीख लाइट इन्फंट्री.

महार रेजिमेंटच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या, असे मी मानतो. युद्ध संपले तेव्हा तिची मागणी ज्याने केली तो माणूस दिल्लीत कार्यकारी मंडळात होता. ऑक्टोबर १९४६ मध्ये तिचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले, त्यामुळे तिला फौजेत वेगळे, सहज काढून टाकता न येणारे काम मिळाले. आणि लगेच फाळणी आली. जळत्या पंजाबात निर्वासितांना संरक्षण द्यायला फौज लागत होती, तिथे महार बटालियन्स गेल्या. पहिली गोष्ट कमावलेली, बाकीच्या दोनांत परिस्थितीचा हात मोठा. पण तिसरी येईपर्यंत रेजिमेंट शिल्लक राहायला हवी होती, म्हणून मी पहिलीला सर्वांत जास्त वजन देतो. कपात या वेळीही झालीच, पंचविसावी बटालियन १९४६ मध्ये मोडली. रेजिमेंट मात्र मोडली नाही.

राजकारणात काय टिकले नाही

सैन्यात जे टिकले ते राजकीय वाटाघाटीत टिकले नाही. मार्च १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स भारताच्या भावी राज्यघटनेची योजना घेऊन आले. तीत अनुसूचित जातींच्या हाती ठोस काही नव्हते. मे १९४६ मध्ये, जर्मनी आणि जपान दोघेही हरलेले असताना, सत्तांतराची योजना ठरवायला आलेल्या ब्रिटिश मंत्र्यांच्या कॅबिनेट मिशनने संविधान सभेसाठी तीनच गट मानले : सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख. चार वर्षे ज्यांच्या भरतीसाठी सरकार झटत होते, ते वेगळा घटक म्हणून यादीतूनच गायब झाले. जुलै १९४६ मध्ये आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाने पुण्यात सत्याग्रह केला, कायदेमंडळाच्या अधिवेशनासमोर शेकडोंनी अटक करून घेतली. पाठोपाठ आंबेडकर लंडनला जाऊन तिथल्या नेत्यांना भेटले. सरकार बधले नाही. त्याला आता या समाजाची गरज उरली नव्हती, आणि ज्यांच्याशी सत्तांतराचा व्यवहार करायचा ते पक्ष दुसरे होते.

फ्रान्सने सेनेगलमध्ये हेच केले. १९१८ मध्ये ब्लेझ डियान्य या आफ्रिकी खासदाराला पाठवून पश्चिम आफ्रिकेतून साठ हजारांवर शिपाई मिळवले, आणि १ डिसेंबर १९४४ रोजी, दुसऱ्या युद्धातून परतलेले आफ्रिकी शिपाई थकलेला पगार मागत होते तेव्हा, डाकारजवळ थियारोयच्या छावणीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

आणि गाव? युद्धाने गावातले नाते बदलले का, याचे उत्तर वतनाच्या कायद्यात आहे. आंबेडकरांनी वतन कायदा बदलण्याचे विधेयक १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडले होते, ते त्यांना मागे घ्यावे लागले. सरकारला युद्धासाठी शिपाई हवे होते, पण गावचा निरोप्या, राखणदार आणि ओझेवाला फुकटात मिळण्याची सोय मोडायची नव्हती. महसुलाचे गाडे त्यावर चालत होते. त्यामुळे एकाच घरातला एक भाऊ रेजिमेंटमध्ये पगारी शिपाई आणि दुसरा गावात वतनाच्या कामाला बांधलेला, ही स्थिती कायद्याने शक्य होती. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली, रेजिमेंट उभी राहिल्यानंतर सतरा वर्षांनी, बाबासाहेबांच्या निधनानंतर दोन वर्षांनी.